आठ गेले, तीन उरले : ओहायो स्टेटची बचावफळी यंदा तग धरेल का?

शनिवारी, ३० ऑगस्ट २०२५ ला, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतील तेव्हा अमेरिकेतल्या कोलंबस शहरात भर दुपारी एक सामना सुरू होईल. ओहायो स्टेट विरुद्ध टेक्सास. दोन्ही विद्यापीठांचे संघ, पण मैदानाची क्षमता १ लाख २ हजार ७८०, आणि एकही खुर्ची रिकामी राहणार नाही. हंगामापूर्वीच्या 'एपी' क्रमवारीत टेक्सास पहिल्या क्रमांकावर, ओहायो स्टेट तिसऱ्या. ओहायो स्टेट गतविजेता आहे, तरी तिसरा. याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांची बचावफळी. गेल्या हंगामात अख्ख्या देशात सगळ्यात कमी गुण देणारी हीच फळी होती. त्यातले अकरापैकी आठ जण आता संघात नाहीत.

बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथून अमेरिकेत शिकायला गेलेली मुलं ऑगस्ट उजाडला की घरच्यांशी बोलताना याच खेळाचं कौतुक सांगत असतात आणि घरच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. गोव्याच्या वाचकांनी तर आधीच रागावू नये. मडगाव-म्हापशात ज्याला फुटबॉल म्हणतात तो हा नव्हे. यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. नाव मात्र तेच, त्याला आपला इलाज नाही.

आधी खेळ समजून घेऊ

चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. चारांत दहा यार्ड झाले की नवे चार प्रयत्न. नाही झाले तर चेंडू समोरच्याकडे. म्हणजे बचाव करणाऱ्यांचं काम एवढंच : चार वेळा अडवायचं. ऐकायला सोपं, करायला महाकठीण.

बचावाच्या साधारण तीन रांगा असतात. पुढे चार आडदांड गडी, मधे दोन टॅकल आणि दोन टोकांना दोन एंड. त्यांच्या मागे लाइनबॅकर, म्हणजे मधली रांग. सगळ्यात मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. आपल्या कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर चढाईपटूला पहिली झडप घालणारे पुढचे चार, साखळी सुटली की धावून येणारे मधले, आणि सगळं फसलं तर शेवटी पाय धरणारा तो सेफ्टी. कबड्डीत एक कोपरारक्षक कच्चा निघाला तर बाकी सहा कितीही भारी असोत, चढाईपटू त्याच कोपऱ्यात घुसतो. इथेही अगदी तसंच आहे. समोरचा प्रशिक्षक आठवडाभर चित्रफिती बघून नेमका कच्चा दुवा शोधतो.

गेल्या वर्षीची भिंत

२०२४ च्या हंगामात ओहायो स्टेटने सोळा सामन्यांत सरासरी १२.९ गुण दिले आणि सरासरी २५४.६ यार्ड. दोन्हींत देशात पहिला क्रमांक. समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या सूत्रधाराला, चेंडू हातात असतानाच लोळवणं याला 'सॅक' म्हणतात. असे ५३ सॅक त्यांनी केले. त्यातही पहिला क्रमांक.

पण आकड्यांपेक्षा दोन प्रसंग जास्त बोलके आहेत. नोव्हेंबरमध्ये पेन स्टेटच्या घरी जाऊन खेळताना, शेवटच्या पावतीत पेन स्टेट गोलरेषेपासून तीन यार्डांवर आलं. चार प्रयत्न हातात. चारही अडवले, आणि ओहायो स्टेटने सामना २०-१३ असा जिंकला. जानेवारीत उपांत्य सामन्यात टेक्सास एक यार्डावर येऊन ठेपलं होतं. तिथून बाहेरच्या बाजूने पळायचा डाव टाकला, तर उलट सात यार्ड मागे गेले. चौथ्या प्रयत्नात जॅक सॉयरने क्वार्टरबॅकच्या हातातला चेंडू उडवला, स्वतः उचलला आणि ८३ यार्ड पळत जाऊन गुण केले. २८-१४. पुढे २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ हरवून दहा वर्षांनी विजेतेपद घरी आलं.

ती भिंत जमली कशी?

इथे खरी मेख आहे, आणि यंदाचा अंदाज बांधताना बहुतेक लोक ती विसरतात.

कॉलेजचे चांगले खेळाडू साधारण तीन वर्षांनी एनएफएल या व्यावसायिक लीगकडे जातात. २०२४ च्या सुरुवातीला ओहायो स्टेटच्या बचावातले बरेच जण जाऊ शकत होते. गेले नाहीत. सॉयर, जे. टी. टुइमोलोआउ, टायलिक विल्यम्स, लेथन रॅन्सम, डेन्झेल बर्क अशी मंडळी आणखी एक वर्ष थांबली. मिशिगनकडून सलग तीन वर्षं हरल्याची सल होती, हे खरं. पण पैसाही होता. खेळाडूंना नाव आणि प्रतिमेच्या मोबदल्यात कमाईची मुभा २०२१ पासून मिळाली आहे, आणि विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं की त्या संघावर वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले.

म्हणजे काय, तर ती फळी चार-चार, पाच-पाच वर्षं एकत्र मुरलेली होती. वीस-एकवीस वर्षांच्या पोरांच्या खेळात बावीस-तेवीस वर्षांचे तयार गडी. असा योग कॉलेजच्या फुटबॉलमध्ये क्वचित जुळतो. म्हणून यंदाच्या बचावाची तुलना २०२४ शी करणं हाच मुळात चुकीचा हिशेब आहे. २०२४ हा अपवाद होता. आठ जण जाणं आणि नवे उभे राहणं, हा या खेळाचा नेहमीचा नियम आहे.

गेले कोण, राहिले कोण

एप्रिलमध्ये एनएफएलची निवड झाली तेव्हा ओहायो स्टेटचे एकूण १४ खेळाडू निवडले गेले. त्यांत बचावाचे आठ : विल्यम्स डेट्रॉइटकडे पहिल्याच फेरीत, टुइमोलोआउ इंडियानापोलिसकडे, सॉयर पिट्सबर्गकडे, रॅन्सम कॅरोलायनाकडे, कोडी सायमन आणि बर्क ॲरिझोनाकडे, टाय हॅमिल्टन लॉस एंजेलिस रॅम्सकडे, जॉर्डन हॅनकॉक बफेलोकडे. पुढच्या रांगेतले चारच्या चार त्यात आले. टुइमोलोआउचे साडेबारा आणि सॉयरचे नऊ मिळून साडेएकवीस सॅक. ५३ पैकी जवळपास ४० टक्के दोन माणसांबरोबर गेले.

राहिले तीन. पण हे तीन कोण, हे बघितलं पाहिजे.

पहिला केलेब डाउन्स, सेफ्टी. २०२३ मध्ये अलाबामात पहिल्याच वर्षी तो संघाचा सर्वाधिक पकडी करणारा खेळाडू ठरला. निक सेबन निवृत्त झाल्यावर तो ओहायोला आला. देशातला सर्वोत्तम बचावपटू कोण, या प्रश्नावर आज सगळ्यात जास्त नाव त्याचंच घेतलं जातं. दुसरा सनी स्टाइल्स. हा मूळचा सेफ्टी. गेल्या वर्षी त्याला लाइनबॅकर केलं. पहिले काही सामने चाचपडला, पण हंगाम संपेपर्यंत जागा पक्की झाली. तिसरा डेव्हिसन इग्बिनोसुन, कॉर्नरबॅक. उंच, आक्रमक, पण समोरच्याला धरून ठेवायची खोड. गेल्या वर्षी त्याच्या नावावर बरेच दंड लागले.

लक्षात घ्या, तिघेही मधल्या आणि मागच्या रांगेतले. पुढच्या रांगेत गेल्या वर्षीचा एकही कायमचा खेळाडू नाही. घराचा मागचा दरवाजा मजबूत, पुढचा नवा कोरा. त्याची कडी अजून कोणी ओढून बघितलेली नाही.

खरा प्रश्न पुढच्या चौघांचा

समोरच्या क्वार्टरबॅकवर दबाव आणायचे दोन मार्ग. एक, पुढच्या चारांनीच घुसायचं आणि बाकी सात जणांनी मागे पहारा द्यायचा. दोन, मागचा एखादा-दुसरा गडीही पुढे धाडायचा. याला ब्लिट्झ म्हणतात. पहिला मार्ग जमला तर सोन्याहून पिवळं. दुसरा जुगार आहे, कारण जो पुढे गेला त्याची जागा मागे रिकामी. गेल्या वर्षी टुइमोलोआउ आणि सॉयर असल्यामुळे चौघांतच भागत होतं. यंदा भागेल का?

दोन टोकांना केडन करी आणि केन्याटा जॅक्सन ज्युनियर येणार, असं दिसतंय. दोघेही २०२२ ला दाखल झाले. तीन वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसून काढली. हल्ली एका विद्यापीठात संधी मिळत नसेल तर लगेच दुसरीकडे जायची मुभा आहे, आणि हजारो खेळाडू दरवर्षी तसं करतात. हे दोघे गेले नाहीत. आता या हंगामात जे दाखवतील त्यावर पुढची रोजीरोटी ठरेल. वर बसलेल्या प्रेक्षकाला तो 'बदली खेळाडू' वाटतो, पण त्याच्या घरी चार वर्षांचा हिशेब मांडून ठेवलेला असतो. तालुक्याच्या कबड्डी संघात बाकावर बसलेल्या पोराला विचारा, तो हेच सांगेल.

त्यांच्या जोडीला नॉर्थ कॅरोलायनाहून बो ॲटकिन्सन आला आहे. तिथे गेल्या हंगामात त्याने साडेसात सॅक केले होते. मधे टॅकलच्या जागी केडन मॅकडॉनल्ड, एड्रिक ह्यूस्टन, टायवोन मलोन ही नावं आहेत. इथेच माझ्या मते सगळ्यात मोठी शंका आहे. टोकाचा खेळाडू वेगाने आणि चपळाईने लवकर नजरेत भरतो. मधल्या टॅकलचं काम हमालीचं. दोन-दोन जणांना अंगावर घ्यायचं आणि मागच्या लाइनबॅकरला मोकळं ठेवायचं. हे काम सरावात दिसत नाही. ते दिसतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जेव्हा समोरचा संघ पाठोपाठ तीस-पस्तीस वेळा मधूनच घुसतो आणि पाय जड व्हायला लागतात.

एक जमेची बाजू अशी, की या रांगेला शिकवणारे लॅरी जॉन्सन २०१४ पासून तिथेच आहेत. मुख्य सूत्रधार बदलला, पण पुढच्या रांगेचा गुरू तोच आहे. मधल्या रांगेला जेम्स लॉरिनायटिस शिकवतो, जो स्वतः याच विद्यापीठाचा नावाजलेला लाइनबॅकर होता. तिथे स्टाइल्सच्या जोडीला क्लीव्हलँडचा आर्वेल रीस येतोय. ताकद आणि वेग दोन्ही असल्याने त्याला मधे उभं करता येतं आणि टोकावरून घुसवताही येतं. पुढचे चौघे कमी पडले तर पहिली मदत इथूनच मिळेल.

नवा सूत्रधार, जुना गुरू समोर

बचावाचा आराखडा आखणारे जिम नोल्स तीन वर्षं ओहायो स्टेटमध्ये होते. विजेतेपद मिळालं आणि काही दिवसांतच ते पेन स्टेटकडे गेले. बातम्यांनुसार वर्षाला सुमारे ३१ लाख डॉलरवर. ज्या संघाला तीन यार्डांवर चार वेळा अडवलं, त्याच संघाने अडवणाऱ्याला उचलला. धंद्याच्या भाषेत याला शहाणपणच म्हणायचं.

त्यांच्या जागी आले मॅट पॅट्रिशिया. शिक्षणाने एरोनॉटिकल इंजिनिअर. न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये बिल बेलिचिक यांच्या हाताखाली तीन सुपर बोल विजेतेपदं. पण डेट्रॉइटचे मुख्य प्रशिक्षक झाल्यावर १३ विजय, २९ पराभव, १ बरोबरी, आणि २०२० मध्ये हकालपट्टी. गेला हंगाम तर ते कुठल्याच संघाकडे नव्हते. कॉलेजमध्ये त्यांनी शेवटचं काम केलं ते सिराक्यूजमध्ये, वीसेक वर्षांपूर्वी.

त्यांच्यावर शंका घेणारे म्हणतात, व्यावसायिक लीगमधला माणूस, याला कॉलेजचा खेळ काय कळणार? ही शंका अगदीच पोकळ नाही. कॉलेजच्या मैदानावर आतल्या खुणांमधलं अंतर ४० फूट असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे चेंडू एका कडेला ठेवला की दुसऱ्या बाजूला भलंमोठं रान मोकळं राहतं. क्वार्टरबॅकही इथे जास्त पळतात. शिवाय खेळाडूंना आठवड्याला २० तासच सरावाला देता येतात, दिवसभर फळ्यासमोर बसवता येत नाही. एनएफएलचं जाडजूड पुस्तक वीस वर्षांच्या मुलासमोर उघडलं तर तो मैदानात विचारच करत बसेल, आणि चेंडूवाला निघून जाईल.

पण उलट बाजूही आहे. पॅट्रिशिया यांची खासियत म्हणजे डाव लपवणं. चेंडू हलेपर्यंत कोण पुढे येणार आणि कोण मागे जाणार, याचा पत्ता लागू द्यायचा नाही. असा खेळ खेळायला मागे एक अत्यंत हुशार माणूस लागतो, जो शेवटच्या क्षणी सगळ्यांना जागेवर लावेल. तो डाउन्सच्या रूपाने त्यांना आयता मिळाला आहे. पुढची रांग नवी असताना डाव लपवण्याचं महत्त्व वाढतं, कारण क्वार्टरबॅक अर्धा सेकंद जरी गोंधळला तरी नव्या गड्याला पोचायला तेवढा वेळ मिळतो.

धोकाही तिथेच. सगळं डाउन्सवर टेकलेलं आहे. त्याचा गुडघा दुखावला, तर त्याची जागा घेईल असा माणूस संघातच काय, देशात नाही.

वेळापत्रक काय सांगतं

पहिलाच पेपर टेक्सासचा. समोर आर्च मॅनिंग, पेटन आणि इलाय मॅनिंग यांचा पुतण्या. नाव मोठं, पण आतापर्यंत सुरुवातीपासून खेळलेले सामने दोनच. त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच संरक्षकांपैकी चार जण टेक्सासनेही गमावले आहेत. तेव्हा शनिवारी करी-जॅक्सन यांनी दोन-चार वेळा मॅनिंगला लोळवलं तर लगेच ढोल वाजवू नयेत. ती नव्याची नव्याशी झुंज असेल. उलट टेक्सास मधूनच पळत राहिलं आणि दर वेळी चार-पाच यार्ड मिळवत गेलं, तर काळजी करायची.

स्वतःच्या संघाचा क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिनही पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळतोय. म्हणजे आक्रमण रुळेपर्यंत पहिले काही सामने बचावालाच गाडा ओढावा लागणार.

त्यानंतर ग्रॅम्बलिंग आणि ओहायो युनिव्हर्सिटी हे दोन तुलनेने सोपे सामने. मग वॉशिंग्टन, इलिनॉय, विस्कॉन्सिन इथे परक्या मैदानावर जायचं आहे. पण कॅलेंडरवर लाल खूण करायच्या तारखा दोन. १ नोव्हेंबरला पेन स्टेट कोलंबसला येईल, नोल्स यांना घेऊन. त्यांना या घरातला कोपरा न् कोपरा माहीत आहे. त्यांच्या आक्रमणात निकोलस सिंगलटन आणि केट्रॉन ॲलन हे मुरलेले धावपटू परत आले आहेत. मधल्या टॅकलची खरी परीक्षा तिथे होईल. आणि २९ नोव्हेंबरला मिशिगनच्या घरी. २०२१ पासून चार वर्षं सलग पराभव. गेल्या वर्षी तर बचावाने तेराच गुण दिले, तरी १३-१० असे हरले. शेवटी मिशिगनच्या कॅलेल मलिंग्सने मधूनच २७ यार्ड मुसंडी मारली होती. देशातल्या सर्वोत्तम फळीला जे तिथे नडलं, ते नव्या फळीलाही नडू शकतं.

मग अंदाज काय?

१२.९ चा आकडा पुन्हा येईल असं धरून चालणं धाडसाचं ठरेल. तो येणं गरजेचंही नाही. आता बाद फेरीत बारा संघ जातात. गेल्या वर्षी दोन पराभव पचवून हेच विजेते झाले. सामन्याला सोळा-सतरा गुणांपर्यंत रोखलं, तरी आक्रमणाकडे जी गुणवत्ता आहे ती पाहता हा संघ डिसेंबरपर्यंत शर्यतीत राहील.

माझं मत असं : मागची फळी देशात अव्वल राहील, मधली गेल्या वर्षीपेक्षा चपळ असेल, टोकाचे दोघे ऑक्टोबरपर्यंत जम बसवतील. हंगामाचा निकाल मात्र लागेल तो मधल्या दोन टॅकलच्या पायांवर आणि डाउन्सच्या तब्येतीवर. पॅट्रिशिया यांनी पहिल्या चार सामन्यांत आपलं पुस्तक आटोपशीर ठेवलं, तर हा बचाव नोव्हेंबरात उभा दिसेल. हुशारी दाखवायच्या नादात सगळंच एकदम शिकवायला गेले, तर मिशिगनमध्ये पाचव्यांदा मान खाली घालावी लागेल.

आता थोडं आपल्याकडे बघून. १ जुलैपासून अमेरिकेतली विद्यापीठं स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. जूनमध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे. आपल्या विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना हे आकडे परग्रहावरचे वाटतील, आणि त्यांची नक्कल करायला कोणी सांगतही नाही. पण त्या पैशाने गेल्या वर्षी जुने गडी थांबवले, यंदा ते थांबवता आले नाहीत. आता जे मैदानात उतरणार आहेत ते तीन-तीन वर्षं बाकावर बसवून, न कंटाळता घडवलेले आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आठवडाभर आधी संघ गोळा करणाऱ्यांनी यातून घ्यायची गोष्ट पैशाची नाही, बाकाची आहे. पुढच्या वर्षी कोण जाणार हे ज्याला आज ठाऊक आहे, त्यानेच आजपासून त्याच्या जागेवरचा पोरगा तयार करायचा असतो.

शनिवारी रात्री जागणार असाल तर चेंडूकडे कमी आणि मधल्या दोन टॅकलकडे जास्त बघा. चेंडू हलल्यावर ते जागेवर उभे दिसले, तर कोलंबसवाल्यांना यंदाही रात्रीची झोप लागेल.